एका गोलाचे दोन लाख

दुसऱ्याच्या हिशेबातली चूक मला लांबूनही दिसते. चष्म्याचं दुकान आहे म्हणून म्हणत नाही, नजरच तशी आहे. त्यामुळे आमच्या फुटबॉल क्लबवर बत्तीस लाखांचं कर्ज झाल्याची बातमी पेपरात आली, तेव्हा मी दुकानाच्या लेटरहेडवर चार पानी पत्र लिहून कार्यकारिणीला पाठवलं. तीस वर्षं दर सामन्याला तिकीट काढून येणारा प्रेक्षक या नात्याने मी त्यात सतरा प्रश्न विचारले होते. जर्सी धुण्याचा खर्च जर्सीच्या किमतीपेक्षा जास्त कसा, हा त्यातला सर्वांत सौम्य. शेवटी ठणकावून लिहिलं, 'कारभार माझ्याकडे द्या, वर्षात कर्ज फेडून दाखवतो.'

हे वाक्य बायकोने खोडायला सांगितलं होतं.

"अरे, ते खरंच देतील," ती म्हणाली.

"इतक्या सहज कोणी खुर्ची सोडतं का?" मी म्हणालो.

चौथ्या दिवशी अध्यक्ष दुकानात हजर. हे अध्यक्ष म्हणजे जनावरांचे निवृत्त डॉक्टर. माणसाच्या पाठीवर थाप मारली तरी म्हैस उठून उभी राहील अशी मारतात. तशी एक थाप त्यांनी मला मारली आणि काउंटरवर एक मोठं खोकं ठेवलं.

"अभिनंदन, खजिनदारसाहेब."

"पण आधीचे खजिनदार?"

"तुमचं पत्र वाचलं त्यांनी. दोनदा वाचलं. मग म्हणाले, सुटलो. आणि चप्पल न घालताच घरी गेले."

खोक्यात बिलं होती. जर्सी धुण्याचं कोडं पहिल्याच दिवशी सुटलं. ते बिल एका महिन्याचं नव्हतं, चौदा महिन्यांचं होतं. त्याखाली बसवाल्याचं, त्याखाली गवताच्या बियाण्यांचं, आणि सगळ्यांत तळाशी लाल अक्षरांतली वीज कंपनीची नोटीस. आमच्या मैदानाचे दिवे म्हणजे गावाची शान. त्या दिव्यांचेच चार लाख थकले होते.

आता सगळे देणेकरी दुकानात येऊ लागले. मी चुकून लिहिलं, देणेकरी आम्ही होतो. येत होते ते घेणेकरी. लॉन्ड्रीवाला तर तपासणीच्या खुर्चीतच बसला. सवयीने मी त्याचा एक डोळा झाकला आणि म्हणालो, "सगळ्यांत खालची ओळ वाचा."

"चौदा महिन्यांची थकबाकी," तो म्हणाला. "मला एवढं एकच दिसतं."

त्याला मी फुकट चष्मा करून दिला आणि महिन्याची मुदत मिळवली. बसवाल्याने स्वतःसाठी एक, बायकोसाठी एक आणि वर सासूसाठी एक चष्मा नेला. कर्ज तसूभरही हललं नाही, माझ्या फ्रेमी मात्र संपत आल्या. भरीस भर म्हणजे स्टँडमध्ये माझ्या शेजारी बसून वर्षानुवर्षं कार्यकारिणीला शिव्या देणारी माणसं आता तोंड जरा तिरकं करून मलाच शिव्या देऊ लागली. त्यांचे मुद्दे चांगले होते. बरेचसे माझ्याच पत्रातले होते.

क्लबकडे विकण्यासारखी एकच गोष्ट होती. शिडी.

शिडी म्हणजे आमचा सेंटर फॉरवर्ड. साडेसहा फूट उंच, वय एकवीस, आणि हेडरने चेंडू असा खाली घालायचा की गोलकीपरला तो जाळ्यातून काढतानाच दिसायचा. त्याला क्लबमध्ये आणलं माझ्या वडिलांनी. बाबा सेहेचाळीस वर्षं क्लबचे प्रेक्षक. शाळेच्या मैदानावर हा लंबू पोरगा त्यांना दिसला, आणि त्याचा हात धरून ते त्याला थेट प्रशिक्षकापुढे घेऊन गेले. शिडी त्यांना आजोबा म्हणतो. मला त्यांनी असा हात धरून कुठे नेल्याचं आठवत नाही.

शिडीला मागणी आली ती नेमकी नदीपलीकडच्या क्लबची. नदीपलीकडचे म्हणजे आमचे पिढीजात वैरी. अकरा वर्षं ते आमच्या मैदानावर जिंकलेले नाहीत, आणि हा आकडा आमच्या गावात मुलांना पाढ्यांच्या आधी येतो. त्यांच्या खजिनदारबाई बोलणी करायला आल्या. त्या रोख बारा लाखांच्या वर एक पैसा द्यायला तयार नव्हत्या. इथे माझं डोकं चाललं.

"बारा घेतो," मी म्हणालो. "पण या हंगामात तो जितके गोल करेल, त्या प्रत्येक गोलामागे आम्हाला दोन लाख."

बाईंनी पेन टेबलावर तीनदा आपटलं. "चालेल. पण ही अट तुमच्या अध्यक्षांशिवाय कोणालाही कळता कामा नये. आमच्या लोकांना नाही, तुमच्या लोकांना नाही आणि शिडीला तर नाहीच. तो मोकळ्या मनाने खेळला पाहिजे."

मी सही केली. घरी येताना इतका खुशीत होतो की घराच्या पुढे दोन गल्ल्या निघून गेलो.

बाबांनी बातमी ऐकली आणि माझ्याशी बोलणं टाकलं. जे काही सांगायचं ते माझ्या बायकोमार्फत. "सूनबाई, खजिनदारांना विचार, मीठ हवंय का. का घरातलं मीठही विकून झालं?" मला अट सांगता येईना. मी अळणी खायचो.

पण शिडीने गोल करायला सुरुवात केली आणि माझे दिवस पालटले. पहिल्या तीन गोलांत लॉन्ड्रीवाला मोकळा झाला. पुढच्या दोनांत बसवाला. मी नदीपलीकडच्या क्लबचे सामने मोबाइलवर चोरून बघू लागलो. एकदा मी गिऱ्हाइकाचे डोळे तपासत असताना शिडीने हेडर घातला आणि मी टाळ्या वाजवल्या.

"सगळं बरोबर वाचलं का मी?" गिऱ्हाइकाने विचारलं.

"अगदी बरोबर," मी म्हणालो. तो बिचारा चष्मा न घेताच गेला, आणि जाताना आरशाला नमस्कार करून गेला.

हंगामाच्या शेवटच्या सामन्यापर्यंत शिडीचे आठ गोल झाले होते. बारा आणि सोळा, अठ्ठावीस लाख फिटले. उरले होते ते दिव्यांचे चार. वीज कंपनीने सोमवारची मुदत दिली होती. आणि शनिवारी आमच्याच मैदानावर शेवटचा सामना होता, नदीपलीकडच्यांशी.

मी चार-चारदा हिशेब केला. क्लबचे दिवे राहायचे असतील तर शिडीने आमच्यावर दोन गोल करायला हवे होते.

स्टँडमध्ये बाबा माझ्याच शेजारी बसले. बोलत नसले तरी जागा ठरलेल्या आहेत. विसाव्या मिनिटाला शिडी आमच्या दोन बचावपटूंच्या डोक्यावरून उठला, चेंडू जाळ्यात गेला आणि चार हजार माणसं एकदम गप्प झाली.

त्या शांततेत टाळ्या वाजल्या. कोणत्या गाढवाच्या, म्हणून मी वळून पाहिलं. माझ्याच होत्या. मी उभा होतो, दोन्ही हात वर, आणि चेहऱ्यावर हसू. चार हजार माणसं माझ्याकडे बघत होती. मैदानात शिडीसुद्धा मान खाली घालून परत चालला होता. त्या गोलाचा आनंद आमच्या सबंध गावात मला एकट्यालाच झाला होता.

बाबांनी माझ्या शर्टाचं टोक धरून मला खाली ओढलं. आणि पाच महिन्यांनी पहिल्यांदा ते माझ्याशी थेट बोलले.

"किती मिळाले?"

"काय?"

"तू उगाच टाळ्या वाजवणारा नाहीस. किती मिळाले?"

मी त्यांच्या कानाला लागलो आणि अट, वीज, सोमवार, सगळं सांगून टाकलं. बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"म्हणजे अजून एक लागेल," ते म्हणाले.

उत्तरार्धात आम्ही बरोबरी केली. सगळं स्टँड नाचत होतं. आम्ही दोघंही उठलो, पण पाहुण्यांना निरोप द्यायला उठावं इतकंच. आता बरोबरी राहिली तर अकराची बारा वर्षं होणार होती. बाबा एकदा मैदानाकडे बघायचे, एकदा दिव्यांकडे.

पाच मिनिटं उरली असताना शिडी आमच्या पेनल्टी बॉक्समध्ये कोसळला. पंचांनी शिट्टी फुंकली. चार हजार माणसं पंचांच्या घराण्याबद्दल बोलू लागली.

"पाडलंच की त्याला," बाबा मोठ्याने म्हणाले.

पुढच्या रांगेतला न्हावी वळला. गेली वीस वर्षं तो बाबांचे केस कापतो. "आजोबा, तो आपणहून पडला."

"सेहेचाळीस वर्षं बघतोय मी. स्वच्छ पेनल्टी आहे."

न्हाव्याने बाबांकडे असं पाहिलं की यापुढे त्यांनी केस वाढवलेले बरे, असं मला वाटलं. पण मी बाबांचा हात घट्ट धरला होता, आणि त्यांनी माझा.

शिडीने चेंडू ठेवला. चार पावलं मागे गेला. मग त्याने आमच्या स्टँडकडे पाहिलं, छातीवर हात ठेवला, धावत आला आणि चेंडू मारला तो गोलच्या वरून, जाहिरातींच्या फलकांवरून, भिंतीपलीकडे. इतका बाहेर मारायला सराव लागतो. चेंडू आमच्या क्लबचा होता. तोही परत आला नाही.

क्षणभर कोणाला काही कळलं नाही. मग न्हाव्याच्या लक्षात आलं. "मुद्दाम मारला रे त्याने," तो म्हणाला, "आपल्यासाठी." आणि सगळं मैदान शिडीच्या नावाने गर्जू लागलं. बाप्ये माणसं डोळे पुसत होती. खाली अध्यक्ष ज्याच्या त्याच्या पाठीवर थापा मारत होते, पण त्यांचा चेहरा मात्र पडलेला होता. बाबा आणि मी आमच्या जागांवर बसून होतो, कोरा पेपर देऊन आलेल्या पोरांसारखे.

सामना बरोबरीत सुटला. फाटकाबाहेर शिडी आम्हाला शोधत आला आणि कमरेत वाकून त्याने बाबांना मिठी मारली.

"आजोबा, पहिला गोल झाला तो झाला, सवयीने डोकं लागलं. पण दुसरा कसा मारणार, सांगा. ज्या क्लबने मला मोठं केलं, त्याचं मी नुकसान करू?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. कोणाला सांगायचं नाही, त्या यादीत शिडीचं नाव स्पष्ट लिहिलेलं होतं.

"नाही रे बाळा," बाबा त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले. "तू कसलं नुकसान करतोस."

तो गेल्यावर आम्ही घराकडे निघालो. "किती गुणी पोरगा," बाबा म्हणाले. कोपऱ्यावर म्हणाले, "इतका नसता तरी चाललं असतं."

सोमवारी मी दोन लाख घेऊन वीज कंपनीत गेलो. खिडकीतल्या माणसाने ते शांतपणे मोजून घेतले, पावती दिली आणि संध्याकाळी माणसं पाठवून वीज तोडली. उरलेले दोन लाख अजून जमताहेत. तोवर आम्ही सगळे सामने भर दुपारी अडीच वाजता खेळतो. लोक दुकानात येऊन कुरकुरतात. मी त्यांना सांगतो की इतकं ऊन डोळ्यांना फार चांगलं असतं. माझ्या धंद्यातल्या माणसाने असं सांगू नये, हे मला कळतं. पण खजिनदाराला सांगावं लागतं.