हिरवळीवरील डेरे आणि डॅन्यूबचा तह

जे घडले ते कमीजास्त न करता लिहितो. ऑकलंड शहरी, विद्यापीठाच्या हिरवळीवर रण माजले, त्याची हकीकत ऐसी जे :

राजश्री ग्रॅहम पेनरोज, उपकुलगुरू, यांनी डॅन्यूबकाठच्या एका विद्यापीठाशी स्नेहाचा तह जुळविला, की इकडील विद्यार्थी तिकडे जावे आणि तिकडील इकडे यावे, आणि पहिली स्वारी चेलो वाजविणाऱ्या सिनालेई तुइमावे हिची मुक्रर जाहली. इतक्यात खबर आली, की तिकडे ठिय्या देणारे तीन विद्यार्थी बडतर्फ केले. मग खुद्द सिनालेईनेच हिरवळीवर डेरे दिले, निशाणे चढविली आणि तह मोडावा ऐसा पुकारा केला. पावसाने निम्मे तंबू लोळविले, परंतु तिच्या मातोश्री नारळदुधातील पावांची परात घेऊन कुमकेस आल्या, तेणे फौज तगली.

मातोश्री कानाशी म्हणाल्या, "अगं, तुझीच जागा बुडवतेयस. डोकं ठिकाणावर आहे का?"

"आई, त्यांना हाकलून दिलंय. तिथं बसून मला वाजवता येईल का गं?"

मातोश्री पाव वाटू लागल्या.

पुढे तिकडील वकील तहावर मोहोर करावयास आले, आणि डेरे त्यांच्या नजरेस पडू नयेत म्हणून पेनरोजांनी त्यांस मुदपाकखान्याच्या दाराने आत घेण्याची मसलत योजिली, आणि सिनालेईस त्या दाराशी एकीकडे घेतले.

"तंबू गुंडाळ. तुझी जागा मी पक्की करतो."

"आणि त्या तिघांची?"

"ते आपल्या हातात नाही गं."

"मग माझंही नाव खोडा, ग्रॅहम."

ऐसे बोलून तिने त्याच दाराशी चेलो मांडिला, आणि बोटे गारठली असता वाजवू लागली. वकिलांस तो स्वागतसमारंभ वाटला. टाळ्या पिटून त्यांनी तसबिरी काढविल्या. मग दुभाष्याने मागील फलक वाचून दाखविला, त्यावर तिघांची नावे होती. वकील संतापून, मोहोर न करिता, आल्या पावली फिरले.

अखबारवाले धावले, तेव्हा पेनरोजांनी जाहीर केले, की तत्त्वापायी तह आम्हीच मोडिला. सिनालेई तिथल्या तिथे बोलली, "शाब्बास ग्रॅहम! मग त्या तिघांना इथंच प्रवेश द्या की." इतक्या कॅमेऱ्यांपुढे नकार कैसा द्यावा? दिला प्रवेश.

त्या तिघांपैकी पहिली मिलेना उतरली. सिनालेई विमानतळी सामोरी गेली.

"माझ्यापायी तुझी जागा गेली म्हणे?"

"ते सोड. बाहेर गारठा आहे, कोट कुठाय तुझा?"

"घाईत राहिला."

सिनालेईने आपला काढून दिला.

येणेप्रमाणे फत्ते जाहली. विद्यापीठाने ती आपली म्हणून नोंदविली, विद्यार्थीसंघानेही आपली म्हणून नोंदविली. सिनालेईस डॅन्यूब दिसली नाही. दोहोंच्या नोंदीत हे नाही, सबब येथे लिहिले.