साक्षीची लढत आणि माझं गुरुवारचं मौन

माझं गुरुवारचं मौन परवापरवापर्यंत कोणाला मोडता आलेलं नव्हतं, हे मी जरा अभिमानानेच सांगते. सकाळी दत्ताला फूल वाहिलं की ओठ मिटले, ते थेट दिवेलागणीला उघडायचे! एकदा स्वयंपाकघरात हातभर साप निघाला, तर मी ताट बडवून अख्खं घर गोळा केलं, पण तोंडातून हूं की चूं काढलं नाही. तसा एरवी तरी माझा आवाज कितीसा? मी हाक मारली तर मांडीवरची मांजरसुद्धा कान हलवत नाही!

त्यामुळे साक्षीची बॉक्सिंगची लढत गुरुवारी आहे असं कळलं, तेव्हा मी मुळीच डगमगले नाही. उलट म्हटलं, बरंच झालं. त्या दिवसाच्या मौनाचं सगळं पुण्य पोरीच्या पदरात टाकू!

साक्षी माझ्या धाकट्या दिराची मुलगी. दीर-जाऊ हंगामाला कामासाठी बाहेर जातात, म्हणून ती लहानपणापासून माझ्याजवळ. मला 'मोठी माय' म्हणते. शेलूबाजारच्या जवळ आमची भाजीची वाडी आहे. सकाळी वांग्यांना पाणी द्यायचं आणि मग बॉक्सिंग शिकवणाऱ्या मदनसिंग सरांकडे सरावाला पळायचं, हा तिचा नेम. घरी निंबाच्या झाडाला तिने वाळूचं पोतं टांगलं होतं. त्याला ती मारायची, आणि दसऱ्याला मी त्याच पोत्याला हळदकुंकू लावायची!

कुमार गटातलं हे तिचं शेवटचं वर्ष. ही लढत जिंकली तर अमरावतीला विभागाच्या स्पर्धेत जाणार. हरली तर या गटाचं दार कायमचं बंद.

"मोठी माय, बाकी काई नको, एक डाव अमरावती पायजे," असं ती पायाला तेल चोळून घेताना रोज म्हणायची. मीही रोज तेवढंच देवाला कळवायची.

पण देवाला कळवून आमच्या ह्यांचं समाधान होईना! ह्यांनी, म्हणजे दौलतरावांनी, सगळ्या तालुक्याला कळवलं. बाजारात वांगी मोजता मोजता सुरू व्हायचे, "अशी आइतिहासिक लढत वाशिमच्या मातीत झाली नाई, होनार नाई!" चौकात फलक लावला. त्यावर 'वाघीण विरुद्ध वादळ' अशी अक्षरं, कोपऱ्यात बोटाएवढी साक्षी, आणि मधोमध दुधी भोपळ्याएवढे आमचे हे, काळा चष्मा लावून!

समोरची मुलगी धनज गावची, सुकेशनी नावाची. तिने एका बुक्कीत गोऱ्हा आडवा केला, ही बातमी तालुकाभर झाली. धास्तावून मी ह्यांना विचारलं, "अवो, खरं हाय काय?"

"अवं, मीच उठवली ना ती!" हे मिशीत हसले. "समोरचा पयलवान मोठा दिसला तं आपल्या पोरीचं जितनं मोठं दिसते!"

ती बातमी फिरत फिरत साक्षीच्याच कानावर आली, आणि पोरगी दोन घास कमी जेवायला लागली, हे ह्यांच्या गावी नव्हतं.

गुरुवार उजाडला. पूजा झाली, माझे ओठ मिटले. चार जीपा भरल्या, ढोलताशावाले टपावर बसले आणि आमची वरात वाशिमला निघाली. मैदानावर मोठा मांडव होता. साक्षी बाजूच्या तंबूत तयारी करत होती. मी देवळातून मंत्रवून आणलेला काळा दोरा घेऊन तिच्याकडे गेले.

"मनगटात, गळ्यात काई चालत नाई वयनी," मदनसिंग सरांनी सकाळीच बजावलं होतं. मी मान डोलावली होती. पण सरांनी पायाचं नाव कुठे घेतलं होतं? ते पाठमोरे झाले तशी मी खाली बसले आणि साक्षीच्या पायमोज्यावरून दोरा बांधून शेवट आत खोचला.

"कायले वं, मोठी माय? सर रागावतीन ना!" ती कुजबुजली.

मी हात जोडले. मी हात जोडल्यावर ती पोर मला कधीच नाही म्हणत नाही. तिने नाही म्हणायला हवं होतं!

बाहेर भाषणं सुरू झाली. पहिल्या पाहुण्यांनी वाघिणीबद्दल सांगितलं, दुसऱ्यांनी वादळाबद्दल, तिसऱ्यांनी स्वतःबद्दल. ऊन चढलं. शेजारच्या धनीबाई माझ्या खांद्यावर एक डुलकी काढून उठल्या, तरी तिसरे पाहुणे स्वतःच्या बालपणातच होते!

शेवटी एकदाच्या दोघी मुली रिंगणात आल्या. ती गोऱ्हा पाडणारी सुकेशनी म्हणजे किडकिडीत, घाबरलेल्या डोळ्यांची पोर निघाली. पंचांनी हाताने इशारा केला. लढत सुरू!

आमची साक्षी काय सुंदर नाचत होती हो! एक ठोसा दिला, दुसरा दिला, मागे सरली. मांडव डोक्यावर! हे मोबाईल उंच धरून चित्रण करायला लागले. आणि माझी नजर गेली तिच्या पायाकडे.

दोरा सुटला होता! त्याचं लांब टोक पायाभोवती सापासारखं वळवळत होतं. रक्षणाचा दोरा भर लढतीत सुटावा? आणि त्यात पाय अडकून पोर पडली तर?

मी ह्यांचा सदरा ओढला आणि माझ्या घोट्यावर बोट आपटलं.

"मुंग्या आल्या काय? पाय झटक!" हे म्हणाले.

मी जोरात मान हलवली, रिंगणाकडे बोट केलं, पुन्हा घोटा धरला.

"अवो, वयनी काईतरी तोडगा करून राह्यल्या!" धनीबाईंना एकदम साक्षात्कार झाला. त्यांनी आपला घोटा धरला. त्यांचं पाहून पलीकडच्या बाईने धरला. बघता बघता आमच्या गावच्या बायकांची आख्खी ओळ वाकून घोटे धरून बसली!

"काय वं हे? मॅच पाहायले आल्या का भात लावायले?" मागून एक जण ओरडला.

मी कपाळाला हात लावला. तर सगळ्या ओळीने कपाळाला हात लावला!

तेवढ्यात हे मागे वळले आणि ढोलवाल्यांना सांगू लागले, "तयार राहा रे! मी हात वर केला का वाजवा!" दोरा आणखी लांब झाला. साक्षीचा बूट त्याच्यावर पडला. ती किंचित अडखळली.

आणि माझ्या तोंडातून...

कोणाच्या तोंडातून, हे पहिल्यांदा मलाच कळलं नाही! एवढा मोठा आवाज माझ्यात कुठे दडला होता, देव जाणे.

"साक्षेऽऽऽ! पायातला दोरा सुटलाऽऽऽ!"

मांडव गप्प. धनीबाईंच्या हातातला पाण्याचा गडू खाली. साक्षीच्या डोक्याला गादीसारखं शिरस्त्राण, त्यात कान झाकलेले. तरी तो आवाज तिला पोचला. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. जन्मात न ऐकलेल्या आवाजाकडे माणूस पाहतंच हो! मग तिने खाली, पायाकडे पाहिलं.

आणि फाट्!

साक्षी खाली बसली. पंच आकडे मोजू लागले. ती उठली, पण नवजात वासरासारखे तिचे पाय लटपटत होते. पंचांनी तिच्या डोळ्यांत पाहिलं, दोन्ही हात हवेत हलवले. लढत संपली!

ह्यांना हलणारे हात तेवढे दिसले. ह्यांनी आपला हात वर केला, आणि ढोल सुरू! आमच्याच पोरीच्या पराभवावर आमचाच ताशा कडाडत होता!

"जितली! जितली!" म्हणत हे माझ्याकडे वळले. माझा चेहरा पाहून थांबले. "काय झालं? कवा झालं? अवं, मी तं चित्रण करून राह्यलो होतो!"

मोबाईलमध्ये पाहिलं. सगळं चित्रण ह्यांच्याच चेहऱ्याचं होतं! आणि पार्श्वभूमीला माझा आवाज, अगदी स्पष्ट.

पंच खाली उतरले. "बाई, दोरा मले दिसला होता," ते शांतपणे म्हणाले. "लढत थांबवाले मी हात उचलतच होतो."

म्हणजे मी श्वासभर गप्प राहिले असते, तर! जन्मभर गप्प राहिलेल्या मला नेमकं तेवढंच जमलं नाही.

मग सुकेशनी आली. रडवेली झाली होती. वाकून माझ्या पाया पडली. "काकू, मी मुद्दाम नाई मारलं वो. तुमच्या आवाजानं मी लय दचकली, अन् हात आपोआप सुटला!"

आता सांगा, त्या लेकराला काय म्हणायचं? मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. अमरावतीला नीट जेवत जा, म्हणाले. दुसरं काय देणार? पुण्य तर सगळं तिच्याच पदरात गेलं होतं!

परतीच्या वाटेवर मागच्या जीपमधले चहाच्या टपरीवर ह्यांना गाठून म्हणालेच, "दौलतराव, हेच काय तं ते आइतिहासिक? आमाले तं तिसऱ्या पाहुण्याचं भाषणच मॅच वाटलं!" हे चहात पाहत राहिले. चौकातून जाताना फलकाकडे त्यांनी मान वळवली नाही.

घरी आल्यावर साक्षी गालावर थंड दुधाची पिशवी धरून ओट्यावर बसली. मी तिच्यासमोर बसले. दिवेलागण व्हायची होती, पण आता मौन कसलं पाळायचं?

"साक्षी, माह्यामुळं झालं, माय. मी दोरा बांधाले नव्हता पायजे. अन् बांधला तं बोलाले नव्हतं पायजे."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते ती खाली येऊ देत नव्हती. अमरावतीचं नावसुद्धा तिने काढलं नाही. तिने रडून घेतलं असतं, मला चार शब्द सुनावले असते, तर मला बरं वाटलं असतं.

मग ती उठली, मोरीवर गेली, काहीतरी खळखळून धुतलं आणि येऊन माझ्या तळहातावर ठेवलं. ठोसा बसला तर दात पडू नयेत म्हणून लढताना तोंडात धरतात, ती रबराची जाड पट्टी होती. ती तोंडात असली की माणसाला बोलताच येत नाही.

"आता मोठ्या गटात लढाले पायजे," ती सुजलेल्या गालाने म्हणाली. "तू येजो, मोठी माय. पन हे तू घालून बसजो!"

मी ती पट्टी मुकाट्याने घेतली. खोटं कशाला सांगू, रात्री सगळे निजल्यावर घालून पाहिली. अगदी माझ्या मापाची आहे!