परबांचं वाकडं बटण

मस्कतमध्ये तुम्ही कुठे चहा पीत बसला असाल आणि एखादा किडकिडीत, चष्मेवाला मराठी माणूस येऊन म्हणाला, "जरा तुमचा मोबाईल देता? एक पान उघडून बघायचंय," तर घाबरू नका. ते आमचे दत्ताराम परब. चोर नाहीत. वेबसाइट बनवतात.

रुवीतल्या आमच्या छोट्या कंपनीत मी कामं वाटतो आणि परब पानं बनवतात. पान आपल्या कॉम्प्युटरवर नीट दिसलं की आपण सुटलो, असं माझं सरळ मत. परबांना ते मान्य नाही. "आपल्याकडे दिसतं त्याला दिसणं म्हणत नाहीत, कुलकर्णी," हे मी दिवसातून चारदा ऐकतो. प्रत्येक ब्राउझर त्यांच्या लेखी लग्नघरातला पाहुणा. "हा निमूट जेवतो. हा मानपानवाला, याला सगळं वेगळं वाढावं लागतं." शिवाय इंग्रजी पान डावीकडून सुरू होतं आणि अरबी उजवीकडून, म्हणजे हे सगळं दोनदा. एकदा अर्धी दाढी झालेली असताना त्यांनी न्हाव्याचाच फोन मागून घेतला आणि राहिलेली अर्धी दाढी विसरून ऑफिसात आले.

त्यांच्या खणात आठ फोन आहेत. त्यातला सर्वांत म्हातारा जाडजूड, कडेला टवका उडालेला. त्यावर पान चाललं नाही तर परबांना जेवण जात नाही.

"कोण वापरतंय हो हा डबा आता?" मी विचारायचो.

"वापरतात कोणी कोणी," असं म्हणून ते मान खाली घालायचे.

आणि एवढ्या काटेकोर माणसाची एक चूक ठरलेली. गुरुवारी संध्याकाळी, सुट्टीआधी, ते चाचणीचं पान चढवायचे आणि त्यात एक बटण हटकून वाकडं असायचं. रविवारी सकाळी ते सरळ झालेलं. मी दोनदा चिडून बोललो. "रविवारी होईल, इन्शाल्ला," एवढंच उत्तर. माझा संताप व्हायचा, खोटं कशाला सांगू?

गेल्या महिन्यात एका दवाखान्याची साइट या जुन्या फोनांपायी रखडली, तेव्हा आमच्या अर्बाबनी, म्हणजे मालकांनी, फर्मान काढलं. पुढच्या कामापासून जुने फोन खलास. त्यांच्यासाठी एक तासही घालवायचा नाही. मी मनातून खूश झालो. परब नेहमी वाद घालतात. त्या दिवशी त्यांनी तो डबा नुसता पुसला आणि म्हणाले, "हा एवढा राहू दे ना, कुलकर्णी." मी ऐकलं नाही.

त्या शुक्रवारी दवाखान्याचे काही फोटो द्यायला मी दार्सैतला त्यांच्या खोलीवर गेलो. दार उघडंच होतं. परब पलंगावर मांडी घालून बसलेले, समोर लॅपटॉप, फोन स्पीकरवर. त्यांनी मला हातानेच बस म्हटलं.

"वर निळी पट्टी दिसता," पलीकडून म्हातारा आवाज आला. "मगे डाक्तराचो फोटो. केस काळे केल्यान हत. खाली ता नारंगी बटान... दत्तू, वाकडा आसा रे ता!"

"खंयचा गे आये?" परब इतक्या निरागसपणे म्हणाले की मी बघतच राहिलो.

"खंयचा म्हणजे? डोळे खंय आसत तुजे? मी नाय बघलंय तर नोकरी जातली तुजी. सरळ कर आधी!"

मग बटणावरून गाडी डॉक्टरांवर गेली, डॉक्टरांवरून तिच्या गुडघ्यावर, तिथून शेजारणीच्या सुनेवर. पाऊण तास बोलत होती. फोन ठेवल्यावर परब थोडे ओशाळले.

"तिचा फोनही आपल्या त्या डब्यासारखाच आहे. नवा दिला, तो कपाटात ठेवलाय. आधी मी फोन करायचो तर जेवलंस, जेवलंय, आणि संपलं. बाबा गेल्यापासून तर तेवढंही नाही. आता गुरुवारपासून वाट बघते. गावात सांगते, मस्कतचं काम माझ्या नजरेखालून जातं."

"आणि चूक सापडली नाही तर?"

"तर काय बोलणार ती?" परब म्हणाले आणि चहा ठेवायला उठले.

मला माझीच लाज वाटली. माझी आई पुण्यात आहे, आणि आमचंही 'जेवलास का'च्या पुढे जात नाही.

रविवारी मी अर्बाबना सांगितलं, जुना फोन एकच ठेवू, त्याचं काम मी माझ्या वेळात बघीन. त्यांनी खांदे उडवले.

पुढच्या गुरुवारी परब तापाने फणफणले होते. घाईघाईने पान चढवून ते लवकर घरी गेले. मी तो डबा खणातून काढला आणि पान उघडलं. सगळं जागच्या जागी होतं. बटणही सरळ.

मी खुर्ची ओढली आणि ते थोडं वाकडं केलं.