मेसीबाईचे वंशाचा तंटा, कसबे ब्रेडनहोप

ईश्वरइच्छेने कसबे ब्रेडनहोप येथे जो संग्राम जाहला, तो घडला तैसा लिहितो. कमीजास्त असेल ते वाचणारांनी पदरात घ्यावे.

स्कॉटलंडाचे सरहद्दीवर एल्स्पेथ रदरफर्ड नामे लेखणीबहाद्दर बाई होत्या. त्यांनी कादंबरी रचिली, की पूर्वी कसब्याचे मर्द इंग्रजांची गुरे पळवावयास डोंगरात गेले असता इंग्रज गनीम वेशीवर चालून आला आणि मग मेसी नामे विधवेने वरून उकळती लापशी ओतून त्याची दाणादाण केली. वेढा खरा, वेस खरी. मेसी मात्र बाईंची निर्मिती. पुस्तक गावचे ग्रंथालयात बसावे, एवढाच मनसुबा.

परंतु वॉटी टर्नबुल खाटीक, मातबर असामी, यांनी ते वाचिले आणि दुकानावर पाटी ठोकिली, की आम्ही मेसीबाईचे वंशज. आणि मग फर्माविले, की गावची शीव राखावयास सालाबाद शिवेवरून घोडदौड निघते, तीत पूर्वजांचे नावे पेला उचलितात, तेथे मेसीचे नाव अव्वल घ्यावे. हे ऐकोन निवृत्त इतिहासशिक्षिका प्रिंगलबाई यांचे तळपायाची आग मस्तकास गेली आणि त्यांनी ग्रंथालयाचे वाचकमंडळापुढे मोर्चे लाविले, की ऐसे लबाड पुस्तक गावात नको.

सभा भरली. चहाची रसद आली, बिस्किटे धारातीर्थी पडली.

“मेसीचा एक तरी कागद दाखव,” प्रिंगलबाई एल्स्पेथबाईंवर कडाडल्या.

“नाहीच, बाई. मीच रचली तिला.”

“रचली?” वॉटी उसळले. “अगं पोरी, नाक आमच्यावर गेलंय तिचं!”

“नाक तुमचंच घेतलं, काका. मटण घ्यायला येते ना तुमच्याकडे!”

सभा खदखदली. एल्स्पेथबाईंस मात्र जुना धाक होता. प्रिंगलबाईंचे वर्गात त्या शिकल्या होत्या. तरी हिय्या केला.

“बाई, वेढा तुम्हीच शिकवलात. पुरुष डोंगरात, तरी वेस पडली नाही. मग राखली कुणी?”

प्रिंगलबाई बोलल्या, “त्याचा कागद नाही.”

“म्हणून तर कादंबरी लिहिली.”

मग मंडळाचा हुकूम सुटला, की पुस्तक ठेवावे, परंतु इतिहासाचे नव्हे, कादंबऱ्यांचे फळीवर; आणि वॉटींनी पाटी उतरवावी. वॉटींचा चेहरा पडला.

“म्हणजे त्या वेशीवर आमचं कुणीच नव्हतं?”

“होतं की, काका. नाव तेवढं मी ठेवलं.”

पुढे घोडदौड जाहली. पेला उचलण्याचा मान प्रिंगलबाईंचा. त्यांनी तो उंच धरिला आणि ज्यांचा कागद नाही त्यांचे नावे प्राशन केला, आणि वॉटी टर्नबुल भर चौकात ढसढसा रडले. येणेप्रमाणे कादंबरीची फत्ते जाहली.