शेवळातली काकडं

माझ्या धाकट्या बहिणीला, संघरत्नाला बघायला मुरबाडहून पाहुणे येणार होते. मुलगा ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो असं कळलं, तेव्हा मी ठरवलं की चार दिवसांत आपणही जीवशास्त्र उरकून टाकायचं. मी शहापूरच्या एका कचेरीत कारकून. आवक-जावक सांभाळणाऱ्या माणसाला अवघड असं काही नसतं. (असं मला तेव्हा, म्हणजे १९९८ च्या जूनमध्ये, वाटायचं.)

किन्हवलीच्या एका मास्तरांकडून अकरावीचं पुस्तक आणलं, वर्गीकरणाचा धडा उघडला आणि मी हरखलोच. ही तर आमच्या कचेरीचीच पद्धत! आमच्याकडे कपाट, खण, गठ्ठा, फाइल. इथे सृष्टी, विभाग, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती. प्रत्येक जिवाची जागा ठरलेली. एवढ्यासाठी लोक एम.एस्सी. का करतात ते मला कळेना.

सरावाला शेणव्याच्या आमच्या घरातलं स्वयंपाकघर घेतलं. तूर, वाल, मेथी, शेंगदाणे एका कुळातले, म्हणून एका फळीवर. भात, ऊस आणि बांबू ही तिन्ही गवतं, म्हणून तांदळाच्या डब्याला लागून साखर आणि वर बांबूचं सूप.

“मंग गाय पण हितंच बांधा,” माझी बायको पल्लवी म्हणाली. “तिला पण गवत लागतंय.”

“गाय वेगळ्या सृष्टीत येते,” मी शांतपणे सांगितलं.

संघरत्ना मात्र हसली नाही. आधीची दोन स्थळं तिच्या डी.एड.वरून मोडली होती. मुरबाडच्यांनी ‘शिक्षण पुरं करू द्या’ असा आपणहून निरोप धाडला होता, आणि तिला हे स्थळ मनापासून हवं होतं.

“दादा, या टायमाला तू काय करू नको,” ती म्हणाली. “नुसता बस.”

मी बसणारच होतो. पण पाहुण्यांच्या दिवशी आईने शेवळं चिरून परातीत ठेवली. जूनमध्ये रानात उगवणारी ही भाजी पाहुण्यांना घातली नाही तर आमच्याकडे पाहुणचार झाला असं कोणी म्हणत नाही. त्यातच तिने काकडाच्या झाडाची हिरवी आंबट फळं घातली आणि ती अंघोळीला गेली. पल्लवी एसटीच्या थांब्यावर पाहुण्यांना आणायला गेलेली, संघरत्ना साडी नेसत होती.

“शेवळं फोडणीला टाका रे कोणतरी,” आईने मोरीतून सांगितलं. उरलेला कोणतरी मीच होतो.

परातीत पाहिलं. शेवळ सुरणाच्या कुळातलं, आणि काकड भलत्याच कुळातलं. जीवशास्त्राच्या माणसापुढे अशी सरमिसळ वाढायची? मी काकडं एकेक करून वेचली, केळ्यांच्या टोपलीत ठेवली (केळ्याचं कूळही वेगळं, पण वेळ नव्हता) आणि शुद्ध एका कुळाची भाजी केली. आजवर खाल्ली शेकडो वेळा होती, केली पहिल्यांदाच. दिसायला झकास झाली.

पाहुणे आले. जय भीम झाला, चहा झाला, पानं मांडली. मुलगा धम्मपाल दिसायला साधा, बोलायला गोड. मी सृष्टीपासून सुरुवात केली. तो मान हलवून “बरोबर, बरोबर” म्हणत होता. तिसऱ्या घासाला तो ‘बरो’वर थांबला. त्याची आई गळा धरून बसली, मामा खोकायला लागले, आणि माझ्याही घशातून कोणीतरी काथ्या ओढल्यासारखं झालं.

आईने पातेल्यात डाव फिरवून पाहिला. “रत्नदीप, यातली काकडं कुठं रे?”

“ती त्या कुळातली नव्हती,” असं मी म्हणालो. म्हणजे ओठ हलले, आवाज फुटलाच नाही. हेही स्थळ जाणार आणि या वेळी माझ्यामुळे जाणार, या विचाराने मला रडू यायचं तेवढं बाकी होतं.

तेवढ्यात पडदा सारून संघरत्ना बाहेर आली. (बोलावल्याशिवाय यायचं नाही असं ठरलं होतं.) तिने प्रत्येकाच्या हातावर केळ्यांच्या टोपलीतलं काकड ठेवलं आणि पुढ्यात आमसुलाच्या पाण्याचे पेले. “चावा नि रस गिळा. बोलू नका,” ती म्हणाली. मुरबाडची मंडळी शाळेतल्या पोरांसारखी मुकाट चावत बसली.

बऱ्याच वेळाने धम्मपालला कंठ फुटला. “शेवळांत काकड लागतं, हे कोणी शिकवलं?”

“आयेनी. आमच्यात रानातल्या भाज्या दोनच परकारच्या. एकटी शिजते ती, आन जिला जोडीला कोणतरी लागतंय ती. काकडाबिगर शेवळ गळ्याला लागतंय.”

“टाकळा?”

“पयल्यात.”

“सुरण?”

“दुसऱ्यात. चिंच लागते.”

“हे आमच्या पुस्तकात नाय,” तो म्हणाला आणि पहिल्यांदाच हसला. मग माझ्याकडे बघून त्याने विचारलं, “आणि दादा?”

संघरत्नाने माझ्याकडे पाहिलं, पल्लवीकडे पाहिलं. “दुसऱ्यात.”

लग्न तिथेच ठरलं. तिचं डी.एड. कधीच पुरं झालं, आता तीही शाळेवर आहे. धम्मपालराव दर जूनला शेवळांच्या जेवणाला बोलावतात. चिठ्ठी पल्लवीच्या नावाने येते आणि खाली संघरत्नाच्या अक्षरात एक ओळ असते: ‘दादाला सोबत आणणे. एकटा पाठवू नये.’