कानांची मापं घेणारा भास्कर

आमच्या आळीतल्या झाडून साऱ्या बायकांच्या कानांची मापं भास्करला तोंडपाठ होती, आणि तरीही त्याने एकदासुद्धा मार खाल्ला नाही. याचं सगळं श्रेय त्याच्या चेहऱ्याला. समोर उभा राहिला की वाटायचं, मीटर वाचायला माणूस आलाय. बाईच्या तोंडाकडे तो बघायचाच नाही. थेट कानाकडे. खिशातून दोन चोचींचं पोलादी माप काढायचा, कारखान्यात वापरतात तसलं, आणि म्हणायचा, "वहिनी, हलू नका. तुमची डावी पाळी उजवीपेक्षा जाड आहे. माहीत होतं का?"

कुणाला माहीत असणार? बायका घरी जाऊन आरशापुढे उभ्या राहायच्या. नवरे जेवणाची वाट बघत बसायचे.

भास्कर माझा शेजारी. दोन घरांत एकच भिंत, तीही अशी की त्याला शिंक आली तर माझी झोप मोडावी. ओझरच्या विमानाच्या कारखान्यात त्याने जन्म काढला. तिथे तो नेमकं काय करायचा हे मला कळलं नाही आणि मी विचारलंही नाही. पण निवृत्त होऊन घरी आला तो एक वाक्य घेऊन. "वजन हाच शत्रू." चहाचा कप असो, चप्पल असो, आधी हातात तोलून बघायचा. पाहुणा आला तर पाहुणा तोलता येत नाही म्हणून त्याची पिशवी तोलायचा. आमच्या इंदूने, म्हणजे माझ्या बायकोने, एकदा त्यांच्याकडे डबाभर पुरणपोळ्या पाठवल्या. डबा परत आला, सोबत निरोप. "पोळ्या उत्तम. डबा जड."

मला हे पटणारं नव्हतं. मी तांबट. हंडे, घंगाळी, बंब ठोकण्यात माझे हात झिजले. माझा बंब उचलायला दोन माणसं लागत आणि दोघंही शिव्या देत, तेव्हा मला बरं वाटे. माझं शिक्षण चौथी. काही लोक चौथी नापास म्हणतात, ते धादांत खोटं आहे. मी परीक्षेला बसलोच नाही, मग नापास कसा होईन? तर सांगायचं असं की हलकी वस्तू म्हणजे फसवणूक, हे माझं मत होतं आणि आहे.

पण वजनाशी असलेल्या भास्करच्या वैराला कारण होतं. त्याची बायको सुशीला. तिला माहेरचे सोन्याचे झुबे होते, चांगले वजनदार. वर्षानुवर्षं घालून कानाच्या पाळ्या ओघळल्या, आणि एका बारशात कडेवरच्या पोराने झुबा धरून ओढला. पाळी फाटली. टाके घातले, पुन्हा फाटली. मग दुसरीनेही तोच रस्ता धरला. कान भुंडे झाले. तेव्हापासून सुशीलाने लग्नकार्याला जाणंच सोडलं. डोक्यावरून घट्ट पदर घेऊन भाजी आणायची, तेवढंच बाहेर पडणं. कुणी आमंत्रण दिलं की सांगायची, "यांना बरं नाही." ज्या माणसाला कधी साधी सर्दी टिकली नाही, तो गावभर आजारी म्हणून गाजला. लोक त्याला रस्त्यात थांबवून विचारायचे, "आता कसं आहे?" तो शांतपणे म्हणायचा, "कालपेक्षा बरं."

मग सुशीलाच्या धाकट्या बहिणीच्या मुलीचं लग्न ठरलं. वैशाखात, निफाडला. बहीण स्वतः आली आणि ओट्यावर बसून रडली. "ताई, या लग्नाला आली नाहीस ना, तर मी पुन्हा तुझ्या दारात पाय ठेवायची नाही." सुशीला पदराशी चाळा करत राहिली. भास्कर उठला, आत गेला आणि ते चोचींचं माप घेऊन बाहेर आला. मापं घ्यायचं खूळ सुरू झालं ते तिथून.

त्याचा बेत असा. पाळीला भोकच नको. तांब्याची तार कानामागून वळवायची, ती कानालाच धरून बसेल आणि पुढे मणी लोंबतील. मणी सोन्याचे नाहीत, काचेचे नाहीत. त्याच्या बंगलोरच्या मुलीने कसलीशी रंगीत माती पाठवली होती, तिचे. तिला तो पॉलिमर क्ले म्हणायचा.

"ही माती नव्हे, भास्कर," मी म्हणालो. "माती पाण्यात विरघळते. हे प्लास्टिक आहे."

"भट्टीत भाजते ना, दादा? मग माती."

त्याची भट्टी म्हणजे सुशीलाचा नानकटाईचा गोल ओव्हन. दिवसभर तो त्या ओव्हनपुढे पाट मांडून बसायचा. एका दुपारी गेलो तर ताटलीत मनुका दिसल्या. काळपट, सुरकुतलेल्या, अगदी निफाडच्या. लग्नघरून आल्या असतील म्हणून मी दोन-तीन तोंडात टाकल्या. चावेनात. भास्कर आतून आला. त्याने ताटली बघितली, मग माझा गाल बघितला.

"दादा, तुम्ही मणी खाताय?"

आता मी एकदा तोंडात घातलेली वस्तू बाहेर काढत नाही. वडिलांची शिकवण आहे. "चव बघत होतो," मी म्हणालो, "जरा जास्त भाजलेत." आणि गिळले.

मणी गेल्याचं भास्करला काही वाटलं नाही. तो संध्याकाळपर्यंत भिंतीपलीकडून एवढंच विचारत राहिला, "दादा, पोटात जड वाटतंय का?"

मणी जमले, पण तार जमेना. जुन्या मोटारीच्या गुंडाळीतून काढलेली तार, मऊ. कानामागे वळवली की लगेच मान टाकायची. तार ठोकून घ्यायची असते हे त्याला कुणीतरी सांगितलं, आणि माझ्या वामकुक्षीचं वाटोळं झालं. भिंतीपलीकडून ठण. मग बराच वेळ काही नाही. मग ठण ठण. मग "आई गं!" ज्याचा जन्म तांब्याच्या ठोक्यात गेला, त्याला बेताल ठोका म्हणजे पोळीत खडा. मी कानात बोळे घातले, उशी घेतली, इंदूशी विनाकारण भांडलो. शेवटी हातोडी उचलून त्याच्याकडे गेलो.

"सरक. तार ठोकतोयस का पाल मारतोयस?"

"दादा, तुम्ही तर म्हणाला होतात, बंब ठोकणारा माणूस मी, बांगड्याबिंगड्या माझं काम नव्हे."

"अजूनही म्हणतो. पण मला झोपायचंय."

तांबं तापवलं की लोणी होतं, ठोकलं की ताठ होतं, आणि फार ठोकलं की तडकतं. आमच्या मोठ्या मेव्हण्यासारखं. कुठे थांबायचं ते हाताला कळावं लागतं. मी तार ठोकून चपटी केली, मग मठारून दिली. मठारणं म्हणजे जवळ जवळ सारखे ठोके देऊन तांब्यावर चमचमते ठसे उठवायचे. हंड्यावर दिसतात ना, ते. बंबाच्या हाताने काडीएवढी तार मठारायची म्हणजे हत्तीने सुईत दोरा ओवायचा. मी ओवला. तार कानामागे अशी बसली की वाऱ्याने हलेना.

"आता घाल सुशीलाच्या कानात."

भास्कर मागे सरकला. "तिच्यावर प्रयोग नाही. तिच्या कानांनी फार सोसलंय, दादा. विमानसुद्धा आधी जमिनीवर तपासतात."

आणि तेव्हा उलगडलं. सुशीला डुलकी घेत असताना त्याने तिच्या कानांचं माप घेऊन ठेवलं होतं, आणि आळीभर फिरत होता तो त्याच मापाचा दुसरा कान हुडकत.

"मग सापडला का?"

"सापडला," भास्कर म्हणाला, आणि माझ्याकडे बघून लाजला. "तुमचा."

पुढे काय झालं ते मी कुणाला सांगत नाही, पण लिहायला बसलोय तर लिहितो. रोज सकाळी मी ओट्यावर बसायचो, कानात ते मनुकांसारखे मणी, आणि भास्कर पुढे उकिडवा बसून विचारायचा, "वजन जाणवतंय का?"

"नाही."

"नापास."

"अरे, नाही म्हणतोय ना!"

"नाही म्हणालात म्हणजे वजन लक्षात आहे. वजन जाणवतंय का विचारल्यावर माणसाने 'कशाचं?' असं विचारलं पाहिजे. तेव्हा पास."

मणी लहान झाले, तार बारीक झाली. एके दिवशी मी कानातलं तसंच ठेवून भाजीबाजारात गेलो. मखमलाबादची एक माळीण माझ्याकडून नेहमी मेथीला जास्त भाव घ्यायची. त्या दिवशी तिने जुडी हातात धरली ती धरूनच बसली.

"बाबा, छान हाय लय. पण येकच का? दुसरा कुठंय?"

मी कानाला हात लावला आणि समजलो. पण ती हसत होती, शेजारची मिरचीवाली हसत होती, आणि हसणाऱ्यांपुढे माघार घेणं आमच्या घराण्यात नाही.

"दुसरा धुवायला टाकलाय," मी म्हणालो, आणि तसाच ताठ मानेने सगळा बाजार फिरून आलो. घरी येऊन भास्करला जे बोललो ते इथे लिहीत नाही. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि आनंदाने टाळी वाजवली. "कानात आहे हे विसरलात! पास!"

मग काय, आळीतल्या बायकांना कळलं. मापं तयारच होती. भास्करने मणी भाजले, मी तारा मठारल्या, आणि लग्नाला निघालेल्या सगळ्या बायकांच्या कानांवर आमचं तांबं चढलं. इंदूच्यासुद्धा. निघायच्या दिवशी सुशीला ओट्यावर आली. पदर खांद्यावर. कितीतरी वर्षांनी मी तिचं डोकं उघडं बघितलं, केस पिकलेले होते. दोन्ही कानांवरून तांब्याच्या वेली खाली आलेल्या. जीपवाल्यानेही हॉर्न वाजवायचा थांबवला.

भास्कर पुढे गेला, घसा साफ केला. "वजन जाणवतंय का?"

"नाही हो," सुशीला प्रेमाने म्हणाली.

भास्करचं तोंड उतरलं. निफाडपर्यंत तो जीपच्या मागच्या बाकावर पुटपुटत होता, "नाही म्हणजे जाणवतंय."

निफाडला बायकांनी सुशीलाला गराडा घातला. कुठून आणलंत, कुणी केलं, बघू बघू. बहीण गळ्यात पडली. मी आणि भास्कर मांडवाच्या खांबाला टेकून असे उभे होतो की नवऱ्या मुलाचा बाप कोण, असा लोकांना प्रश्न पडावा. वैशाखाचं ऊन, पत्र्याचा मांडव, मधोमध एक पंखा आणि तोही नवरदेवाकडे तोंड करून. माणसं घामाने निथळत होती. अक्षता पडल्या, आणि वरमाईशेजारची एक आत्या किंचाळली.

"अगंबाई! तुमच्या कानांना शेवाळं आलंय!"

बघतो तर आळीतली प्रत्येक बाई कानामागे हिरवीगार. इंदूचा तर मानेपर्यंत ओघळ. पोपटांचा थवा बसावा तशा रांगेने बसल्या होत्या.

दोष तांब्याचा नव्हता, घामाचा होता, हे मी आजही म्हणतो. तांब्याच्या भांड्यात आंबट-खारट ठेवायचं तर आतून कल्हई लागते, हे आमच्याकडे रांगतं पोरही जाणतं. पण कान हे भांडं आहे, असं मला कुणी सांगितलं नव्हतं.

बायकांनी पटापट कानातली काढली, रुमाल ओले केले, माझ्याकडे बघितलं. इंदूने जरा जास्तच वेळ बघितलं. भास्कर पांढराफटक. तो माणसांतून वाट काढत सुशीलापाशी गेला आणि म्हणाला, "काढ. लोक हसतायत."

सुशीला खुर्चीवरून हललीदेखील नाही. "हसू देत. माझं आहे ते." पदर खांद्यावरच. तशीच पंगतीला बसली, तशीच जिलेबी वाढली, तशीच फोटोलाही उभी राहिली. त्या फोटोत नवरीच्या शेजारी हिरव्या कानांची सुशीला आहे आणि नवरीपेक्षा जास्त हसते आहे.

दुसऱ्या दिवशी आळीतल्या बायकांनी आपापली कानातली आमच्या ओट्यावर आणून ठेवली. मी मात्र हार मानणारा नाही. सुशीलाला म्हणालो, "मणी उतरवून दे. तारेला कल्हई लावतो. पांढरी होईल, पण डाग पडायचा नाही."

"नको, भाऊजी," ती म्हणाली. "तांबंच बरं."

मला धन्य वाटलं. म्हटलं, चला, तांब्याची कदर असलेलं एक माणूस तरी आळीत आहे. त्यानंतर सुशीला बारशाला गेली, मुंजीला गेली, हळदीकुंकवाला गेली, आणि दर वेळी हिरवे कान घेऊन परत आली, पण कल्हईचं नाव काढेना. मी इंदूला म्हणालो, "बघ, शुद्ध तांब्याची किंमत तिला कळते."

इंदू तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "संध्याकाळी मागच्या दारी एकदा डोकावून या."

गेलो. आमच्या मागच्या अंगणांत कमरेएवढी भिंत आहे. पलीकडे पायरीवर सुशीला बसली होती, नुकतीच कुठूनशी आलेली, नवी साडी अजून अंगावर. मागे भास्कर, हातात चिंचेच्या कोळाची वाटी आणि कापसाचा बोळा. तांब्याचा हंडा चिंचेने घासतात तसा, पण फार सावकाश, तो तिच्या कानामागचं हिरवं पुसत होता. कानातलं काढलेलं नव्हतं. ते एका बोटाने अलगद उचलून धरलं होतं.

"जरा हळू," सुशीला म्हणाली. "हंडा नाही मी."

"हळूच करतोय."

"काल दोन मिनिटांत उरकलंत."

"काल कमी हिरवं होतं."

तिने डोळे मिटून घेतले होते. भास्करने दुसऱ्या कानासाठी नवा बोळा भिजवला आणि जुन्या सवयीने विचारलं, "वजन जाणवतंय का?"

सुशीला डोळे न उघडता म्हणाली, "कशाचं?"