पिवळ्या क्रेनच्या डावीकडे

आखातातल्या या मवालेहमध्ये बारा वर्षं काढलीत मी! डोळे बांधून सोडलंत तरी घरी येईन. गावाकडून कुणी नवीन आलं की फोन ठरलेला, "धनंजयकाका, शहर दाखवा ना!"

त्या शुक्रवारी अतुल आणि प्रणाली आले. नवं जोडपं, कंपनीच्या गेस्टहाऊसमधला शेवटचा दिवस. मी फ्लॅट हेरून ठेवला होता. मालकाशी फोनवरच बोललो होतो; तो दहापर्यंत थांबून त्याच्या गावी, खाबुऱ्याला जाणार होता.

"पत्ता काय?" प्रणालीनं मोबाईल काढला.

"ठेव तो! इथे पत्ता नाही, खुणा चालतात. पिवळी क्रेन दिसली की डावीकडे!"

वाटेत माझं प्रवचन सुरू. "हे भाजी मार्केट. तिकडे मी आलो तेव्हा नुसती वाळू!" पोरीच्या चौकशा संपेनात. "काका, सगळी घरं पांढरीच का? दुपारी रस्त्यावर कुणीच कसं नसतं?"

"बघ, क्रेन!" मी विजयानं वळलो. दाराशी चपलांचा ढीग, आणि एक आजोबा हात पसरून उभे.

"आओ, आओ! मैं हुसेन. बैठो!"

गालिचावर खजूर आले, कहवा म्हणजे इथली कॉफी आली.

"अर्बाब, वो फ्लॅट..." इथे मालकाला म्हणतात तसं म्हणत मी सुरुवात केली.

"पहले कहवा!"

लहानपणापासून शिकवण एकच, पानात टाकायचं नाही. मी कप संपवला. त्यांनी भरला. पुन्हा संपवला, पुन्हा भरला! नवव्या कपाला मी पँटचा पट्टा सैल केला. प्रणालीनं मात्र दोन कप घेतले, रिकामा कप हळूच हलवला आणि सुटली.

"हलवला की पुरे, काका. विमानात वाचलं."

इतक्यात माझा फोन वाजला. "किधर है? दस बज गया! खलास, दूसरे को दे दिया!"

म्हणजे मालक भलताच, घरही भलतंच! "लेकिन क्रेन तो यही है!" मी म्हणालो.

"क्रेन?" हुसेन हसले. "उधर का काम खतम. पिछले महीने इधर आया."

अतुलचा चेहरा पडला. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. प्रणालीला वेगळंच कुतूहल, "फिर बिना पहचान के बिठाया कैसे?"

"पहले मेहमान, बाद में सवाल," हुसेन म्हणाले. "अब बोलो, क्या चाहिए?"

"घर!" प्रणाली म्हणाली.

"ऊपर खाली है. देखो."

संध्याकाळी सामान चढलंसुद्धा!

हल्ली नवीन लोकांचे फोन प्रणालीला जातात. कालच म्हणाली, "काका, शनिवारी शहर दाखवतेय. तुम्हीही चला, तेवढंच बघून होईल."

जाणार आहे. क्रेन पुन्हा हललीय म्हणे.